सरकणारा स्क्रीन आणि "हे तर कुणालाही सुचलं असतं"

फोनच्या कडेची कळ दाबली की आतली छोटी मोटर फिरते, एका हाउसिंगमधून, म्हणजे सांगाड्यातून, दुसरं हाउसिंग बाहेर सरकतं आणि पाठीमागे वळवून ठेवलेला डिस्प्ले पुढे येऊन स्क्रीन रुंद होतो. एलजीने असा फोन जानेवारी २०२१ मध्ये दाखवला आणि एप्रिलमध्ये मोबाइलच्या धंद्यातूनच बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. ओप्पोचा 'एक्स २०२१' ६.७ इंचांवरून ७.४ इंचांपर्यंत जायचा. तो नमुन्याच्या पुढे गेला नाही. मोटोरोलाने २०२३ मध्ये ५ इंचांचा ६.५ इंच होणारा फोन मांडला, तोही प्रदर्शनापुरताच. पैसे टाकून घरी आणता येईल असं उपकरण म्हणजे लेनोवोचा २०२५ मधला लॅपटॉप, ज्याचा स्क्रीन १४ इंचांचा १६.७ इंच होतो. वस्तू अशा मोजक्या, त्यांच्यावरचे पेटंट अर्ज मात्र ढिगाने.

यातल्या कुठल्या अर्जाला वीस वर्षांची मक्तेदारी द्यायची, हा प्रश्न सोल किंवा शेन्झेनचा वाटतो. पण पेटंट देशापुरतं असतं, आणि भारतात मंजूर झालेलं पेटंट गोव्यातल्या तुयेच्या इलेक्ट्रॉनिक क्लस्टरलाही लागू होतं, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीलाही. उद्या तिथल्या एखाद्या छोट्या कारखान्याने मालीमच्या ट्रॉलरसाठी आत-बाहेर सरकणारा चार्ट-डिस्प्ले बनवायला घेतला, तर त्याच्या वाटेत 'सरकणारं हाउसिंग आणि लवचिक डिस्प्ले' एवढ्याच शब्दांचं कुणाचं तरी पेटंट आडवं येऊ शकतं. उलट त्याच कारखान्याने डिस्प्ले फुगू नये म्हणून काही खरोखर नवं केलं, तर "यातले सगळे भाग आधीपासून माहीत आहेत" अशा एका ओळीत त्याचा अर्ज निकालात निघू शकतो. माझं म्हणणं असं की रुंद क्लेमना (क्लेम म्हणजे अर्जात 'एवढं माझं' असा हक्क सांगणारं वाक्य) जरासुद्धा दयामाया नको, नेमक्या क्लेमना हात आखडता घेऊ नये, आणि दोन्ही वेळा हे भाग एकत्र जोडायला त्या काळच्या जाणकाराला कारण काय होतं, आणि जोडल्यावर ते चाललं असतं का, याचं उत्तर पेटंट कार्यालयाच्या आदेशात लिहिलेलं असावं. वैशिष्ट्यांचा तक्ता करून समोर खुणा केल्या म्हणजे हे उत्तर मिळत नाही.

१९७० च्या पेटंट कायद्याचं कलम २(१)(जेए) काय मागतं ते आधी पाहू. आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. शिवाय त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ती गोष्ट सहज सुचण्यासारखी नसावी. ही शेवटची अट आधीच्या दोहोंना पर्याय म्हणून नाही, ती त्यांच्या जोडीला आहे. वस्तू कितीही खपो, जाणकाराला सहज सुचत असेल तर पेटंट नाही. सरकत्या स्क्रीनच्या बाबतीत खपाचा पुरावा तसाही पोकळ आहे, कारण खप झालेलाच नाही. "इतक्या मोठ्या कंपन्यांना जमलं नाही, म्हणजे काम अवघड असणार" हा अर्जदारांचा आवडता युक्तिवादही इथे जपून घ्यावा. एलजीने फोन बंद केले ते वर्षानुवर्षांच्या तोट्यामुळे, रोलर जमला नाही म्हणून नव्हे. किंमत परवडत नाही म्हणून थांबलेलं काम आणि तंत्र सापडत नाही म्हणून थांबलेलं काम यांची गल्लत झाली की पुराव्याचं वजन फुकट वाढतं.

आता सगळ्यात रुंद क्लेम: पहिलं हाउसिंग, त्यात सरकणारं दुसरं हाउसिंग, आणि सरकण्याबरोबर दिसणारा भाग वाढवणारा लवचिक डिस्प्ले. सरकणारा फोन सीमेन्सने १९९९ मध्ये आणला होता. २००७ मध्ये बाजारात आलेला नोकियाचा एन९५ तर दोन्ही दिशांना सरकायचा. लवचिक ओएलईडी लावलेले वक्र फोन सॅमसंग आणि एलजीने २०१३ च्या शेवटी विकायला काढले. खिशात मावेल एवढा फोन आणि डोळ्यांना पुरेल एवढा स्क्रीन, ही गरज तर मोबाइल आल्यापासूनची. वाकणारा पॅनल विकत मिळू लागल्यावर तो सरकत्या सांगाड्याला लावून पाहावा, असं वाटायला प्रतिभा लागत नाही. म्हणून २०१३ नंतरच्या अग्रतारखेचा (अर्ज पहिल्यांदा दाखल झाल्याची तारीख) असा क्लेम कुणाचाही असो, फेटाळावा. त्याच्याही बऱ्याच आधी, वाकणारा पॅनल प्रयोगशाळेबाहेर आलेला नसताना कुणी तेच लिहिलं असेल, तर हिशेब बदलतो: तेव्हा जाणकाराच्या हाती जोडायला तो भागच नव्हता. तारीख न बघता "उघड आहे" म्हणणारा आदेश म्हणूनच कच्चा.

पण खरं काम याच्या पुढे सुरू होतं. पहिलं हाउसिंग हातात स्थिर धरलंय असं समजा. डिस्प्लेचं डावं टोक त्याला पक्कं चिकटवलेलं. दुसऱ्या हाउसिंगच्या उजव्या कडेला रोलर. डिस्प्ले त्यावरून वळून पाठीमागे जातो आणि त्याचं दुसरं टोक तिथे मोकळं. दुसरं हाउसिंग ४० मिमी उजवीकडे ओढलं की पुढचा भाग ४० मिमी वाढतो, मागचा ४० मिमी घटतो, पण रोलर स्वतःही ४० मिमी सरकलेला असतो. त्यामुळे ते मोकळं टोक पहिल्या हाउसिंगच्या हिशेबाने ८० मिमी धावतं आणि दुसऱ्याच्या हिशेबाने ४०. उघडताना काही अडत नाही. मिटवताना फजिती होते, कारण पातळ डिस्प्ले ओढता येतो, ढकलता येत नाही. ढकलला की रोलरपाशी फुगतो.

यावर उपाय असा की मोकळ्या टोकाला बेल्ट जोडायचा, तो दुसऱ्या हाउसिंगच्या डाव्या बाजूच्या पुलीवरून वळवायचा आणि पहिल्या हाउसिंगला अडकवायचा. टोक पुलीपासून ४० मिमी लांब जातं तेव्हा बेल्ट अडकवलेला बिंदू पुलीच्या ४० मिमी जवळ येतो. बेल्टची लांबी तीच राहते, ताण दोन्ही दिशांना टिकतो. आकृतीत हे सुरेख दिसतं. तरी नुसत्या या बेल्टला मी पेटंट देणार नाही. अडचण माहीत होती, आणि सरकत्या यंत्रणेत दोन भागांची चाल दोरी-पुलीने बांधून ठेवणं हे यांत्रिकी शिकलेल्या माणसाचं रोजचं काम आहे. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हा प्रश्न आकृतीविना दिला तर वर्गातली काही मुलं तरी तासाभरात इथवर येतील.

पुढची पायरी वेगळी आहे. बाहेर आलेल्या भागाखाली पहिलं हाउसिंग नसतं, बोट टेकवलं की डिस्प्ले आत दबतो. म्हणून त्याच्या पाठीला धातूचे बारीक बार एकाशेजारी एक चिकटवतात: सपाट भागात ते आधार देतात, रोलरवर एकमेकांपासून उघडतात. इथे हमखास कुणीतरी दुकानाच्या शटरकडे बोट दाखवतं. म्हापशाच्या बाजारातलं कुठलंही शटर बघा. पट्ट्या आहेत, दोन्ही बाजूंना पन्हळी आहेत, वर ड्रम आहे, ड्रममध्ये स्प्रिंग आहे. हा प्रायर आर्ट, म्हणजे आधीचं ज्ञान, म्हणून घ्यायचा का? 'पट्ट्या पन्हळीतून सरकतात आणि वळणावर वाकतात' एवढ्यापुरता जरूर घ्यावा. पण शटरवाल्याला पट्टीमागे काही चिकटवायचं नसतं, आणि ड्रमवर पट्ट्यांचा बहुकोन झाला तरी त्याचं काही बिघडत नाही. फोनमध्ये नेमकं तेच बिघडतं.

आकडे घालून बघू. ओप्पोने आपल्या रोलरचा व्यास ६.८ मिमी सांगितला होता, म्हणजे त्रिज्या ३.४ मिमी. त्यावर ३ मिमी रुंदीचे सपाट बार बसवले तर प्रत्येक बारच्या मध्याशी वर्तुळापासून सुमारे ०.३३ मिमीची तूट पडते. डिस्प्लेवर वळ्या उजेडात सरळ दिसतील. १ मिमी रुंदीचे बार घेतले तर तूट ०.०४ मिमीच्या आत येते, पण बारची संख्या तिप्पट, चिकटवण्याचं काम तिप्पट आणि सपाट भागातला ताठपणा कमी. दुसरीकडे खुद्द डिस्प्ले. ०.२ मिमी जाडीचा थर या रोलरवर वाकवला तर बाहेरच्या पृष्ठभागावरचा ताण जवळपास २.९ टक्के होतो, आणि ओलावा रोखणारे ठिसूळ अकार्बनी थर साधारण एक टक्क्याच्या आसपास तडकू लागतात. म्हणून ते थर ताणरहित प्रतलाजवळ, म्हणजे वाकताना ना ताणल्या ना आकसल्या जाणाऱ्या मधल्या पातळीजवळ, आणावे लागतात. मधला पारदर्शक गोंद मऊ घेतला तर प्रत्येक थर स्वतंत्रपणे वाकतो आणि ताण घटतो, पण मग थर एकमेकांवर घसरतात: अर्ध्या वेढ्यात वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाच्या लांबीत ०.६ मिमीहून थोडा जास्त फरक पडतो आणि तो कुठेतरी सामावून घ्यावाच लागतो.

आता बेल्ट आणि बार एकत्र आणा. बेल्टचं गणित गोल रोलर गृहीत धरतं. बारनी तो बहुकोन केला. सायकलच्या छोट्या दातेरी चक्रावर साखळी हिसके देते तसा प्रत्येक बार चढताना मार्गाची लांबी किंचित कमी-जास्त होते. १५० मिमी लांब, ५ मिमी रुंद, ०.१ मिमी जाड पोलादी बेल्टमध्ये केवळ ०.१ मिमीचा फरक पडला तरी ओढ सुमारे ६७ न्यूटनने, म्हणजे जवळजवळ सात किलो वजनाइतकी बदलते. ही ओढ डिस्प्लेच्या गोंदावर येते. फरक उलट्या बाजूने पडला तर बेल्ट सैल होतो आणि डिस्प्ले रोलरवरून उचलला जातो. म्हणजे एका दस्तऐवजातला बेल्ट आणि दुसऱ्यातले बार जसेच्या तसे जोडले तर उपकरण नीट चालतच नाही. परीक्षकाने डी१ आणि डी२ हे आधीचे दस्तऐवज एकत्र वाचले, त्यांतून क्लेममधले सगळे शब्द भरून निघाले, तरी जाणकाराला ते एकत्र करून यशाची रास्त अपेक्षा होती का, हा प्रश्न तसाच उरतो.

मग पुलीला स्प्रिंग लावली की झालं? तेही नाही. ताण टिकवायला स्प्रिंग लावणं कुणालाही सुचेल, त्या एका शब्दावर पेटंट मागू नये. पण मऊ स्प्रिंगने मोटर जोरात मिटवताना डिस्प्ले फुगतो, आणि ताठ स्प्रिंगने महिनोन्‌महिने उघड्या ठेवलेल्या उपकरणात गोंद हळूहळू सरकत राहतो, विशेषतः उष्ण आणि दमट हवेत. हे दोन्ही टाळणारी रचना, मग ती रोलरवरच्या बारांची रुंदी बदलून केलेली असो, बार आणि रोलर यांच्यामध्ये लवचिक थर घालून असो किंवा पुलीच्या हालचालीला मर्यादा घालून असो, क्लेममध्ये नेमकी लिहिली असेल तर ती पेटंटला पात्र ठरू शकते. 'ठरू शकते' एवढंच; तिचा परिणाम विवरणात दाखवलेला हवा.

फटीच्या बंदोबस्ताचे क्लेम मात्र बहुतेक पडायलाच हवेत. २०१९ मध्ये सॅमसंगच्या पहिल्या घडीच्या फोनमध्ये बिजागरीच्या फटीतून कचरा आत गेला, एप्रिलचं पदार्पण सप्टेंबरवर गेलं आणि कंपनीने फटींवर टोप्या बसवल्या. हे सगळं जगजाहीर झालं. त्यानंतर सरकत्या तोंडाशी ब्रशची पट्टी बसवणं म्हणजे स्लायडिंग खिडकीतली गोष्ट फोनमध्ये आणणं. डिचोली-साखळी भागातली लाल धूळ आणि पावसाळ्यातली खारट ओल बघता ती हवीच, पण गरज आहे म्हणून शोध होत नाही. ब्रशचे केस वरच्या फिल्मवर ओरखडे काढतात ही पुढची अडचण कुणी सोडवली असेल तर ते वेगळं. आणि स्क्रीन रुंद झाला की अ‍ॅपची मांडणी बदलते, हे क्लेम तर संगणकावर खिडकी ताणणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहेत.

कायद्याची वाट आपल्याकडे आखलेली आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये लेथवर भांडी धरण्याच्या साधनाचं पेटंट रद्द ठरवलं: जुन्या पद्धतीत केलेली ती कारखान्यातली सुधारणा होती, त्यात शोध नव्हता. नुसत्या बेल्टच्या क्लेमला हाच न्याय लागतो. रोश विरुद्ध सिप्ला प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१५ मध्ये पायऱ्या सांगितल्या: जाणकार कोण ते ठरवा, शोधाचा गाभा ओळखा, अग्रतारखेला त्या जाणकाराला काय माहीत होतं ते मांडा, फरक दाखवा, आणि मग मागाहून सुचलेलं शहाणपण बाजूला ठेवून ते फरक उघड होते का ते ठरवा. अ‍ॅग्रीबोर्ड प्रकरणात त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं की कंट्रोलरने (पेटंटचा निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने) अर्ज फेटाळताना आधीचं ज्ञान काय, अर्जातला शोध काय, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत जाणकार कसा पोचला असता, या तिन्हींचा ऊहापोह करायला हवा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गाडीच्या पेडलच्या खटल्यात जाणकाराला थोडी सामान्य कल्पकता बहाल केली. भाग जोडायची सूचना कुठल्या दस्तऐवजात शब्दशः सापडलीच पाहिजे, असा आग्रह सोडला. मला ते पटतं. पण कल्पकता बहाल करायची तर ती कुठे पोचते आणि कुठे थांबते हेही सांगायला नको का? कलम ३(एफ) हे तर फार वेळा भलत्या ठिकाणी फेकून मारलं जातं. ते आपापलं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या ज्ञात साधनांच्या नुसत्या मांडणीला पेटंट नाकारण्यासाठी आहे. वर पाहिलेला बेल्ट, बार आणि रोलर तर एकमेकांच्या चुका एकमेकांवर ढकलत असतात; ते स्वतंत्र कसे?

पहिल्या पायरीलाच सगळ्यात जास्त कुचराई होते. या उपकरणाचा जाणकार कोण? यांत्रिकी अभियंता एकटा धरला तर त्याच्या लेखी डिस्प्ले म्हणजे एक पट्टी. थरांतला ताण त्याच्या नजरेत येणार नाही. पॅनलवाला एकटा धरला तर त्याला दोरी-पुलीचं गणित नवं वाटेल. प्रत्यक्षात असा फोन दोघे-तिघे मिळून बनवतात, म्हणून जाणकार ही एक चमू धरावी. अर्जदारांना हे आवडणार नाही, कारण चमूला जास्त माहीत असतं आणि पेटंटची पट्टी उंच जाते. गेली तर जाऊ दे. त्या पट्टीवरून जे पार होईल ते न्यायालयातही टिकेल.

गोव्यातल्या महाविद्यालयांना आणि स्टार्टअपना यात दोन व्यवहाराच्या गोष्टी आहेत. अर्ज अठरा महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. 'पेटंट प्रसिद्ध झालं' म्हणून फलक लावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की त्या क्षणापर्यंत उघडपणाची परीक्षा कुणी घेतलेलीच नसते. आणि प्रसिद्धीनंतर, मंजुरीपूर्वी, कलम २५(१) खाली कुणीही विरोध नोंदवू शकतो. त्यासाठी प्रतिस्पर्धी कंपनी असावं लागत नाही. २०२४ च्या नियमांनी त्याला शुल्क लावलं, तरी एखाद्या रुंद क्लेमवर चार कारखान्यांनी मिळून आधीचे दस्तऐवज दाखल करणं पुढे खटला लढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

स्वतःचा अर्ज करताना मात्र फसलेले नमुने विवरणात उतरवा: कुठल्या रुंदीच्या बारवर वळ्या दिसल्या, कुठल्या ओढीवर गोंद सरकला, किती वेळा उघडमिट केल्यावर काय तुटलं, आणि बदल केल्यावर काय थांबलं. परीक्षण अहवालाला उत्तर द्यायला सहा महिने आणि सुनावणीनंतर लेखी म्हणणं मांडायला पंधरा दिवस मिळतात, पण त्या वेळात नवा तपशील क्लेममध्ये घालता येत नाही. कलम ५९ प्रमाणे दुरुस्त केलेला क्लेम मुळातल्या विवरणात आणि मूळ क्लेमच्या कक्षेत बसायलाच हवा. विवरणात नुसतं 'रोलर' आणि 'ताण देणारा घटक' एवढंच असेल, तर ३.४ मिमी त्रिज्येच्या रोलरला १ मिमीचेच बार का लागले, हे सुनावणीत कितीही पटवून सांगितलं तरी क्लेम त्यावर उभा करता येणार नाही.